पहिलीच्या वर्गातली हजेरी

(मिरज येथे मंडळीच्या वार्षिक उपकारस्तुतीच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या वर्षी याच हॉलमध्ये मी पारधी वस्तीच्या कामाचा अहवाल वाचला होता. पटावर मुलं किती, गणवेश किती वाटले, दप्तरं किती, आरोग्य तपासणी किती वेळा झाली, असं सगळं. अहवाल संपल्यावर मागच्या रांगेतून एक आजोबा उभे राहिले. रेल्वेतून निवृत्त झालेले, दर महिन्याला न चुकता पाकीट देणारे. म्हणाले, "ताई, सगळं झालं. पण दोन वर्षं शाळेत जाऊन पोरगं शिकलं काय, तेवढं कळलं नाही."

मी तेव्हा काहीतरी गोल गोल उत्तर दिलं. घरी जाताना लक्षात आलं की मला माहीतच नव्हतं. मी मुलांना शाळेच्या फाटकापर्यंत नेऊन सोडत होते आणि तिथूनच परत फिरत होते. आत काय होतं ते मी कधी पाहिलं नव्हतं.

म्हणून या जूनपासून मुख्याध्यापकांची परवानगी काढून मी दर मंगळवारी आणि गुरुवारी वर्गात मागे सतरंजीवर बसते. आज त्या आजोबांना उत्तर द्यायचं आहे. ते आज पुढच्या रांगेत बसलेत, बरं झालं.

शाळा जिल्हा परिषदेची आहे, मिरजेच्या पूर्व भागातली. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, मुलांची नावंही सांगणार नाही. खोली एक, बाई एक, इयत्ता दोन. साठपर्यंत पट असला तर कायद्याने शाळेला दोन शिक्षक मिळतात, त्यामुळे लहान शाळांतून पहिली-दुसरी एकाच छपराखाली बसतात. या खोलीत आमच्या वस्तीतली चौदा मुलं आहेत. बाकीची गावातली, त्यांतल्या काहींच्या घरी कन्नड बोलतात. आणि एक मदतनीस आहे, वस्तीतलीच दहावी झालेली मुलगी. मुलं तिला अक्का म्हणतात. तिचं मानधन आपली मंडळी देते. तिच्याबद्दल शेवटी बोलायचं आहे, ते लक्षात ठेवा.

पहिल्या दिवशी बाईंनी हजेरी घेतली. गावातली मुलं "हजर बाई, हजर बाई" म्हणत सुटली. आमच्या मुलांपैकी नवीन आलेली पाच जणं गप्प. नाव पुकारलं की खाली बघायची. एक मुलगी तर शेजारणीच्या मागे लपली. बाईंना वाटलं, नाव चुकलं असेल. दाखल्यावरचं नाव एक आणि घरचं नाव वेगळं, असं असतंच. अक्काला विचारून घरची नावं लिहून घेतली. ती पुकारली. तरी गप्पच.

हे तीन आठवडे चाललं. मला वाटलं, लाजतात. मग एका दुपारी अक्का मला सहज बोलून गेली, "आमच्यात बाहेरच्या माणसानं नाव विचारलं की सांगायचं नाही, हे पोराला चालायला लागल्यापासून माहीत असतं. नाव विचारत येतो तो पोलीस."

मी वीस वर्षं हे काम करते आहे. धर्मशिक्षणाचा डिप्लोमा केला, समाजकार्याची पुस्तकं वाचली, गुन्हेगार जमाती कायद्यावर व्याख्यानंही दिली. १८७१ साली इंग्रज सरकारने तो कायदा केला, काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या, त्यांची नोंद केली, आणि त्यांना ठरलेल्या वेळी हजेरी द्यायला लावलं. शब्द लक्षात घ्या, हजेरी. सोलापूरची सेटलमेंट आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. काही वसाहती मिशनांच्या, साल्व्हेशन आर्मीसारख्या संस्थांच्या ताब्यातही होत्या, हेही आपण इथे बसून विसरू नये. ३१ ऑगस्ट १९५२ला तो कायदा गेला. कायदा जाऊन सत्तर वर्षं उलटली, आणि सहा वर्षांची पोर हजेरीला अजून गप्प बसते. हे सगळं मला माहीत होतं, पण वर्गातल्या हजेरीशी मी ते कधी जोडलं नव्हतं.

बाईंनी काय केलं ते सांगते. त्यांनी हजेरीपुस्तक टेबलात ठेवून दिलं. पुठ्ठ्याचे तुकडे कापले, प्रत्येकावर एकेका मुलाचं नाव लिहिलं आणि नावाखाली त्या मुलाने सांगेल ते चित्र काढलं. कोणाची शेळी, कोणाचा कोंबडा, कोणाची दुचाकी. सकाळी आल्यावर आपला पुठ्ठा शोधायचा आणि भिंतीवरच्या दोरीला चिमट्याने लावायचा. झाली हजेरी. कोणी पुकारायचं नाही, कोणी उत्तर द्यायचं नाही. जुलैच्या शेवटी बाईंनी खालची चित्रं कापून टाकली. त्या सकाळी आमची ती लपणारी मुलगी दोरीपाशी बराच वेळ उभी राहिली, दोन पुठ्ठे उचलले, ठेवले, आणि तिसरा बरोबर लावला. स्वतःचं नाव तिने वाचलं होतं. तिच्या घरात कोणी अजून स्वतःचं नाव वाचलेलं नाही.

आता अक्षरांकडे येते. तुम्ही-आम्ही शिकलो ते अ अननसाचा, आ आईचा, असं ओळीने. हल्ली गटागटाने शिकवतात, म्हणजे ज्या अक्षरांचे लगेच शब्द होतील अशी चार-पाच अक्षरं आधी. र, म, ग, न एवढी चारच घ्या. मग, नग, गरम, नगर. मुलाला आठवड्यात काहीतरी वाचल्याचं सुख मिळतं. मला सुरुवातीला हे विचित्र वाटलं, पण उपयोग होतो हे डोळ्यांनी पाहिलं.

खरी अडचण येते वेलांटीपाशी. दुसरीतला एक मुलगा एके दिवशी बाईंना म्हणाला, "बाई, हे आधी लिहायचं आणि मागून म्हणायचं?" तो 'पि' लिहीत होता. नीट बघा, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढतो आणि उच्चारतो मात्र अक्षराच्या नंतर. मी पस्तीस-चाळीस वर्षं मराठी लिहिते आहे, माझ्या कधी ध्यानात आलं नाही. बाई हसल्या, म्हणाल्या, "माझ्याही नाही." मग त्यांनी त्याला फळ्यापाशी बोलावून सगळ्या वर्गाला ते दाखवायला लावलं. तो मुलगा दिवसभर ताठ बसला होता.

दुसरी अडचण 'श'ची. आमच्या मुलांच्या तोंडून शाळा येत नाही, साळा येते. गावातल्या कितीतरी मुलांचीही साळाच असते, पण हसतात ती आमच्यांना. इथे मला शास्त्यांच्या पुस्तकाचा बारावा अध्याय आठवतो. इफ्ताहाच्या माणसांनी यार्देनेचे उतार अडवून धरले होते. पळून येणाऱ्या प्रत्येकाला ते एक शब्द म्हणायला लावायचे, शिब्बोलेथ. एफ्राइमी माणसाला 'श' जमायचा नाही, तो सिब्बोलेथ म्हणायचा, आणि तिथेच त्याला ठार करायचे. बेचाळीस हजार माणसं पडली असं तिथे लिहिलं आहे. एका अक्षरावरून. आपण शब्बाथशाळेत हा भाग घाईघाईने ओलांडतो. मी या वर्षी तो पुन्हा वाचला आणि 'साळा' म्हणणारी पोरं डोळ्यांपुढे आली. पहिलीच्या वर्गाच्या दारात आपणही असा उतार अडवून उभे असतो का, असा प्रश्न मला पडला.

बाईंची रीत साधी आहे. वाचताना 'साळा' म्हटलं तरी वाचन बरोबर धरायचं, कारण मुलाने अक्षर ओळखलं आहे. 'श' कसा लिहायचा ते वहीत बघायचं, जीभ सावकाश वळेल. यावर गावातल्या एका पालकांनी तक्रार केली, की अशाने आमच्या मुलांची भाषा बिघडेल. बाईंनी त्यांना एक दिवस वर्गात बसवलं. ते अर्ध्या तासात उठून गेले, पण तक्रार पुन्हा केली नाही.

भाषेचा विषय निघालाच आहे तर सशाची गोष्ट सांगते. पुस्तकात सशाचं चित्र होतं. बाईंनी विचारलं, "ससा काय करतो?" उत्तर ठरलेलं, उड्या मारतो, गाजर खातो. आमच्यातला एक जण उभा राहिला आणि त्याच्या बोलीत बोलायलाच लागला. पारध्यांची बोली गुजरातीच्या वळणाची आहे, आपल्याला अर्धीच कळते. हातवारे करत तो दोन-तीन मिनिटं बोलला. वर्ग हसायला लागला. बाईंनी अक्काकडे पाहिलं आणि अक्काने सांगितलं. तो म्हणत होता, ससा दिवसा झुडपाखाली दबून बसतो, माणूस अगदी जवळ येईपर्यंत हलत नाही, पळाला की सरळ पळत नाही, वळणं घेत पळतो, आणि रोजच्या वाटेनेच परत येतो. म्हणून फास वाटेवर लावायचा.

हसणं थांबलं. फासेपारधी हे नावच त्या फासावरून आलं आहे. आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती शिकार गुन्हा ठरली. म्हणजे त्या मुलाला वर्गात सगळ्यांत जास्त जे येतं, ते त्याच्या आजोबांनी केलं तर गुन्हा. बाई क्षणभर थांबल्या. मग त्यांनी फळ्यावर लिहिलं: ससा दबून बसतो. ससा वळणे घेत पळतो. ससा त्याच वाटेने परत येतो. फासाचं वाक्य लिहिलं नाही. पुढे त्या मला म्हणाल्या, "ते वाक्य गाळलं हे बरोबर केलं की चूक, मला अजून कळत नाही." मलाही कळत नाही. पण ती तीन वाक्यं आमच्या चौदाही मुलांनी वहीत उतरवून घेतली, आणि पाहिलेली गोष्ट कागदावर येते हे त्यांना त्या दिवशी समजलं. गाजर तर त्यांनी सशाला खाताना कधी बघितलंच नव्हतं.

आता गणित. इथे मला माझी एक चूक कबूल करायची आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही वस्तीवर संध्याकाळची अभ्यासिका चालवत होतो. तिसरीतला एक मुलगा यायचा. एकदा मी पाटीवर वजाबाकी घातली, १००मधून ४५. त्याने उत्तर काढलं १४५. शून्यातून पाच जात नाहीत, म्हणून पाचातून शून्य काढलं, पुढेही तसंच. शंभरातून पंचेचाळीस गेले आणि उरले एकशे पंचेचाळीस! मी हसले. आणि महिन्याच्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे लिहिलं, 'आकलन कमी'.

त्यानंतर मीरासाहेबांच्या उरुसात मी गर्दीतून जात होते. तोच मुलगा फुगे विकत होता. एका बाईने तीन फुगे घेतले, पंधराला एक. शंभराची नोट दिली. त्याने नोट खिशात घातली आणि पंचावन्न रुपये मोजून परत दिले. बोटं मोजली नाहीत, वर बघितलं नाही. लगेच दुसऱ्या गिऱ्हाइकाला म्हणाला, दोन घ्या, पंचवीसला देतो. तीच वजाबाकी होती, १००मधून ४५.

मी तिथे उभी राहिले आणि माझ्याच नोंदवहीची मला लाज वाटली. सोमवारी वहीतलं ते वाक्य खोडलं. पण तोपर्यंत तो अभ्यासिकेत यायचा बंद झाला होता. पुढे त्याचं कुटुंब पंढरपूरकडे गेलं. आज तो चौदा-पंधरा वर्षांचा असेल. पुन्हा भेट झाली नाही. हसण्याने त्याचं येणं बंद झालं की आणखी कशाने, हे मी सांगू शकत नाही. पण मी हसले होते, एवढं खरं.

२०२५ साली 'नेचर' या नियतकालिकात अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हे दोघे नोबेल मिळवलेले अर्थशास्त्रज्ञ. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचं गणित त्यांनी तपासलं. बाजारातली मुलं अवघड हिशोब तोंडी बिनचूक करत होती आणि शाळेच्या पद्धतीने घातलेली उदाहरणं मात्र त्यांना सुटत नव्हती. आणि उलटही दिसलं, नुसती शाळेत जाणारी मुलं कागदावर बरी होती पण बाजारातल्या हिशोबात अडखळत होती. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातल्या रस्त्यावर विक्री करणाऱ्या मुलांबद्दल १९८५ साली असंच लिहिलं गेलं होतं. म्हणजे मिरजेतला फुगेवाला एकटा नाही.

या वर्गात बाई काय करतात? शुक्रवारी दुकान मांडतात. पुठ्ठ्याच्या नोटा, चिंचोके, रिकाम्या काड्यापेट्या. दुकानदार बहुतेक आमच्यातलाच कोणीतरी होतो, कारण गावातली मुलं सुट्टे परत देताना गोंधळतात. तोंडी हिशोब झाला की तोच हिशोब फळ्यावर. तिथे गावातली मुलं पुढे. मग दोघांनी एकमेकांना सांगायचं. हे नेहमी जमतंच असं नाही. एका शुक्रवारी चिंचोक्यांवरून मारामारी झाली आणि दुकान मोडलं.

आणि त्याहून मूळची अडचण म्हणजे आकड्यांची नावं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून केवढा गदारोळ झाला होता आठवतं? एकवीस ऐवजी 'वीस एक' असं वाचायची रीत दिली होती. वर्तमानपत्रांतून टीका, विधानसभेत विनोद. मीही त्यावरचे विनोद मोबाईलवर पुढे पाठवले. गणिताच्या समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर सांगत होत्या की जुनी नावं काढलेली नाहीत, दोन्ही रीती दिल्या आहेत, लहान मुलं अडखळतात म्हणून. तेव्हा कोणी ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नव्हतं. मीही नाही.

आता वर्गात बसल्यावर समजलं. पंचवीस म्हणताना आपण पाच आधी म्हणतो आणि लिहिताना दोन आधी. मूल ऐकतं तसं लिहितं, ५२. ते चूक करत नाही, ते ऐकलेलं इमानाने उतरवतं. म्हणजे वेलांटीचीच गंमत, तोंड एकीकडे आणि हात दुसरीकडे. आणि एकोणतीस? लिहायचा दोन आणि नऊ, पण नावात ऐकू येतो तीस. मराठी घरातल्या मुलाच्या कानावरून ही नावं निदान जन्मापासून गेलेली असतात. आमच्या मुलांना ती वर्गात पहिल्यांदा भेटतात, आणि एक ते शंभरात जवळजवळ प्रत्येक नाव वेगळं पाठ करावं लागतं. गावातला एक कन्नड घरातला मुलगा उभा राहून म्हणाला, "आमची आजी इप्पत्तैदु म्हणते." इप्पत्तु म्हणजे वीस, ऐदु म्हणजे पाच. पूर्व भागातल्या तुम्हा लोकांना हे सांगायला नको. बाईंनी दहा-दहा काड्यांचे जुडगे बांधले आहेत. दोन जुडगे, पाच सुट्या. आधी म्हणायचं "वीस पाच", मग "म्हणजे पंचवीस". ऑगस्टपर्यंत ५२चे २५ व्हायला लागले होते. सगळ्यांचे नाही, चौदांतल्या नऊ जणांचे. पाच अजून उलटे लिहितात.

बाकी बऱ्याच गोष्टी शिकतात. रांगेत उभं राहायचं, खिचडीच्या आधी हात धुवायचे, पेन्सिल मागून घ्यायची, हिसकावायची नाही, "मला कळलं नाही" असं म्हणायचं. ही शेवटची गोष्ट गावातल्या मुलांनाही जड जाते. मोठ्यांनाही.

ही वाट नवी आहे असं समजू नका. आपल्या पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेला गेल्या तेव्हा भाषणं देता देता फिलाडेल्फियात फ्रोबेलची बालोद्यानाची, किंडरगार्टनची पद्धत शिकल्या. तीन वर्षांत मुंबईत शारदा सदन सुरू केलं. आणि पुढे पवित्र शास्त्राचं भाषांतर करायला बसल्या तेव्हाही थोड्या शिकलेल्या बाईला कळेल अशी मराठी त्यांना हवी होती. १९२२ साली त्या वारल्या, तोपर्यंत हे काम त्या करत होत्या. तिकडे डहाणूकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं केंद्र काढलं, १९५७ला ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. वारल्यांची मुलं शाळेत येत नाहीत, कारण गुरं राखायची असतात आणि धाकटी भावंडं सांभाळायची असतात, हे पाहून त्यांनी वर्ग पाड्यातल्या अंगणात नेला आणि गुरांमागे कुरणातही नेला. कुरणशाळा म्हणत. महागडी साधनं परवडत नव्हती, तर पानं, बिया, शिंपले घेऊन शिकवलं. आमच्या बाईंचे चिंचोके त्याच घरातले.

एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आजही चहाच्या वेळी विचारला जाईल, म्हणून आधीच उत्तर देते. या मुलांना तुम्ही पवित्र शास्त्र शिकवता का? नाही. ती सरकारी शाळा आहे. पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धर्माचं शिक्षण द्यायचं नाही असं राज्यघटनेचं २८वं कलम सांगतं, आणि ते योग्यच आहे असं मी मानते. आपण तिथे मुलाला वाचता यावं म्हणून जातो. प्रभूने बाळकांना जवळ येऊ देण्याबद्दल शिष्यांना काय सांगितलं ते या हॉलच्या भिंतीवर लिहिलेलं आहे. त्यांची परीक्षा घेऊन मग जवळ घेतलं, असं मार्काने कुठे लिहिलेलं नाही.

आता अक्काबद्दल.

आपल्या समितीपुढे एक सूचना आली आहे. सूचना करणारे बंधू इथे आहेत, त्यांचा हेतू चांगला आहे, त्यांच्याशी माझं बोलणं झालं आहे. त्यांचं म्हणणं, दोन वर्षं झाली, मुलं आता मराठी शिकली असतील; मदतनीसाचं मानधन थांबवून त्या पैशांतून टॅबलेट घेऊ या. टॅबलेट शिकण्याच्या उपयोगाचा असतो, मी नाही म्हणत नाही.

पण मराठी शिकली ती मुलं तिसरीत जातात. दर जूनला वस्तीतून नवीन सहा वर्षांची मुलं येतात, आणि त्यांना मराठी येत नसते. दर जूनला हजेरीला पाच जणं गप्प बसतात. तो पोलीस नाही, बाई आहेत, हे त्यांच्या बोलीत कोण सांगणार? सशाचं बोलणं टॅबलेटला कळणार नाही. २०२०च्या शैक्षणिक धोरणातही शक्य तिथे पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलेलं आहे. पण पारधी बोली येणारा शिक्षक या तालुक्यात कुठून आणायचा? आपल्याकडे आहे ती एवढी एक मुलगी.

सरकारचंही एक गणित आहे. ५ जुलै २०२१ला 'निपुण भारत' सुरू झालं. २०२६-२७पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक मुलाने समजून वाचावं आणि साधं गणित करावं असं ठरलं. तिसरीच्या मुलाने अनोळखी मजकुरातले मिनिटाला साठ शब्द बरोबर वाचायचे. आमच्या दुसरीतल्या मुलांना मी घड्याळ लावून बसले होते. सगळ्यांत पुढची मुलगी बावीस शब्दांवर आहे. आजोबा, तुम्ही विचारलं होतं म्हणून हा आकडा सांगते. मागच्या वर्षी याच दिवसांत ती दोरीवरचं स्वतःचं नाव शोधत होती.

आणि दिवाळीनंतर ऊसतोड सुरू होईल. चौदांपैकी सहा मुलांची घरं जातात, काही कृष्णाकाठच्या कारखान्यांना, काही कर्नाटकात. एप्रिलपर्यंत फडावर. शाळा त्यांच्याबरोबर शिक्षण हमी पत्रक देते, म्हणजे जिथे जातील तिथल्या शाळेने त्यांना बसवून घ्यावं. बसवून घेतात कधी, कधी नाही. मागच्या वर्षी तीन मुलं आजीकडे वस्तीवर राहिली, कारण अक्काने संध्याकाळी त्यांना सांभाळायचं कबूल केलं. या वर्षी पाच राहतील असं दिसतं. सहाव्याच्या आईशी बोलणं चालू आहे.

अक्काच्या घरी मुकादम येऊन गेला आहे. तिच्या वडिलांना उचल देऊ करतो आहे, पोरगीही आली तर जास्त. मानधन चालू राहिलं तर ती थांबेल. थांबलं तर तीही कोयता उचलेल, आणि तिला आपण दोष देऊ शकणार नाही. समितीची बैठक पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर आहे.

त्याआधी ज्यांना वर्ग बघायचा असेल त्यांनी येत्या गुरुवारी माझ्याबरोबर यावं. मिरज स्टँडवरून नऊ चाळीसची गाडी आहे. वर्ग साडेदहाला भरतो, त्याच्या दहा मिनिटं आधी पोचलं पाहिजे, म्हणजे मुलं पुठ्ठे लावताना दिसतील. चपला बाहेर काढायच्या, सतरंजीवर बसायचं. खाऊ आणू नका, नाहीतर सगळा वेळ पिशवीकडे बघण्यात जातो. आणि कोणा मुलाला नाव विचारू नका. दोरीवर लावलेलं असतं, तिथे वाचा.